ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जात कॉलेज कोणतं टाकायचं?

विषय ठरलेला असतो, गुण हातात असतात, स्वतःबद्दलचं निवेदनही चार वेळा खोडून-लिहून झालेलं असतं. मग अर्जातल्या एका रकान्यापाशी घोडं अडतं: कॉलेज. केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजं आहेत. ऑक्सफर्डमध्ये कॉलेजं आणि ख्रिस्ती संस्थांनी स्थापलेले चार हॉल धरले, तर चाळिसाच्या वर आकडा जातो. घरात महिनाभर खल चालतो आणि तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कुठे टाकलं तर नंबर लागेल? या प्रश्नाला उत्तर नाही. कॉलेज निवडताना दुसरेच, जास्त साधे आणि जास्त उपयोगी प्रश्न विचारायचे असतात.

इथे आपली सवय आड येते. पुणे किंवा मुंबई विद्यापीठात शिकवणं कॉलेजचं आणि परीक्षा-पदवी विद्यापीठाची. प्रत्येक कॉलेजचा कट-ऑफ वेगळा, प्राध्यापक वेगळे, नावाचं वजनही वेगळं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हे सगळं विद्यापीठाचं आणि विभागाचं काम. एका विषयाची सगळ्या कॉलेजांतली मुलं एकाच सभागृहात बसतात, तोच पेपर सोडवतात. जयंत नारळीकर केंब्रिजचे रँग्लर हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत असतं. १९५७ साली ते ज्या फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले, त्याला तेव्हा कॉलेजचा दर्जाही नव्हता; तो १९६६ साली मिळाला. पुढे १९६३ मध्ये ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. त्यांच्या गणिताचं काही अडलं नाही.

कॉलेजकडे मग काय उरतं? बरंच काही. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणं, राहायला खोली, जेवणाचा हॉल, उशिरापर्यंत उघडी असलेली लायब्ररी, आजारपणात किंवा पैशांची अडचण आली तर धाव घ्यायची जागा, आणि आठवड्याची छोटी शिकवणी. या शिकवणीला ऑक्सफर्डमध्ये ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. एक शिक्षक, दोन-तीन विद्यार्थी, साधारण तासभर. तुम्ही लिहून आणलेल्या निबंधाची किंवा सोडवलेल्या गणितांची चिरफाड. शिक्षक तुमच्याच कॉलेजचा असेल असंही नाही. एखाद्या उपविषयाचा जाणकार दुसऱ्या कॉलेजात असला तर तुम्हाला तिकडे पाठवतात. म्हणजे ‘अमुक प्राध्यापक त्या कॉलेजात आहेत म्हणून तेच टाकतो’ हाही हिशेब कच्चाच. प्राध्यापक संशोधन-रजेवर गेले की तोही कोलमडतो.

प्रवेशाची शक्यता: हा जुगार खेळूच नका

‘कमी अर्ज येतात तिथे टाकू’ ही युक्ती ऐकायला शहाणपणाची वाटते. ती चालत नाही, कारण चालू नये अशीच व्यवस्था केलेली आहे. ऑक्सफर्डमध्ये एखाद्या विषयाला एका कॉलेजकडे जागांच्या मानाने फार अर्ज आले, तर मुलाखतीच्या आधीच काही अर्ज दुसऱ्या कॉलेजांकडे वळवले जातात. मुलाखतही अनेकांची एकाहून जास्त कॉलेजं घेतात. प्रवेश मिळालेल्यांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश मुलांना त्यांनी न लिहिलेल्या कॉलेजकडून ऑफर येते. केंब्रिजची रीत थोडी वेगळी आहे. तिथे आधी तुमचं कॉलेज निर्णय घेतं. विद्यार्थी चांगला आहे पण आमच्याकडे जागा नाही, असं वाटलं तर त्याचा अर्ज जानेवारीत ‘विंटर पूल’मध्ये टाकला जातो आणि बाकीची कॉलेजं त्यातून मुलं उचलतात. कधी त्यासाठी आणखी एक मुलाखतही होते.

कॉलेजवार अर्ज किती आणि ऑफर किती हे आकडे दोन्ही विद्यापीठं प्रसिद्ध करतात. ते बघा, पण त्यावरून डाव मांडू नका. एका कॉलेजात एका विषयाच्या वर्षाला चार-सहा जागा. गेल्या वर्षी अर्ज कमी आले हे वाचून यंदा सगळेच तिकडे धावतात आणि आकडा उलटतो.

काहीच ठरत नसेल तर ‘ओपन’ अर्ज करता येतो, म्हणजे कॉलेजचं नाव न लिहिता. मग त्या वर्षी त्या विषयाला ज्यांच्याकडे तुलनेने कमी अर्ज आले आहेत, अशा कॉलेजला संगणक तुमचा अर्ज देतो. यात तोटा नाही आणि फायदाही नाही. पुढची सगळी प्रक्रिया तुम्ही स्वतः ते कॉलेज लिहिलं असतं तशीच होते. अट एकच: वाट्याला आलेलं कॉलेज नंतर बदलून मिळत नाही. उदाहरणार्थ, केंब्रिजच्या गिर्टन कॉलेजला जायची तयारी नसेल तर तिथे ओपन अर्ज करू नका. गिर्टन वाईट मुळीच नाही, पण ते शहराच्या मध्यापासून सुमारे चार किलोमीटरवर आहे आणि जानेवारीत ती सायकल तुम्हालाच मारायची आहे.

आधी चाळणी लावा

काही कॉलेजं आपोआप बाद होतात, आणि हे काम अर्ध्या तासाचं आहे. केंब्रिजमधली डार्विन आणि क्लेअर हॉल फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. ह्यूज हॉल, सेंट एडमंड्स आणि वुल्फसन यांत पदवीसाठी २१ किंवा त्याहून जास्त वय लागतं. ऑक्सफर्डमध्ये हॅरिस मँचेस्टरचंही तसंच. न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स ही केंब्रिजची दोन कॉलेजं आजही फक्त मुलींची. ऑक्सफर्डमध्ये असं कॉलेज उरलेलं नाही. शेवटचं सेंट हिल्डाज, त्याने २००८ मध्ये मुलांना प्रवेश दिला. एके काळी मात्र मुलींना निवडीला वावच नव्हता. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या त्या समरव्हिलमध्ये, कारण मुलींना घेणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ती एक होती.

दुसरी चाळणी विषयाची. प्रत्येक कॉलेज प्रत्येक विषय घेत नाही. मोठ्या विषयांना अडचण येत नाही, पण लहान किंवा जोड-विषयांना यादी बरीच आखडते. ही यादी विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर असते आणि दरवर्षी थोडी बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या आठवणीवर विसंबू नका. शिवाय त्या कॉलेजात त्या विषयाला दरवर्षी साधारण किती मुलं असतात तेही काढा. वर्षात दोनच असली तर रात्री अकराला गणित अडलं की विचारायला सोबती कमी. आठ-दहा असली तर आपोआप अभ्यासगट जमतो.

नावांची एक गंमत आहे आणि तीत दरवर्षी कोणीतरी फसतं. ट्रिनिटी, सेंट जॉन्स, जीझस, पेम्ब्रोक, कॉर्पस क्रिस्टी, वुल्फसन ही नावं दोन्ही विद्यापीठांत आहेत. सीनियर रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे, ते केंब्रिजचं. ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स निराळं. ‘मॉडलिन’ असं उच्चारलं जाणारं कॉलेजही दोन्हीकडे आहे, फक्त केंब्रिजच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक ई जास्त. भाड्याचा तक्ता उघडण्याआधी वरचा पत्ता वाचा.

खोलीचं भाडं: आठवड्याचा आकडा फसवा

निवडीचा खरा भाग इथे सुरू होतो. दोन्ही विद्यापीठांत तीन सत्रं आणि प्रत्येक सत्र आठ आठवड्यांचं, म्हणजे वर्षाला २४ आठवडे. मधल्या दोन सुट्ट्या प्रत्येकी पाच-सहा आठवड्यांच्या, आणि उन्हाळ्याची लांबलचक. कॉलेजं भाडं आठवड्याच्या दराने सांगतात, पण करार किती आठवड्यांचा ते दुसऱ्याच ओळीत असतं.

समजा, एका कॉलेजचा दर आठवड्याला १८० पाउंड आणि करार २७ आठवड्यांचा: वर्षाचे ४,८६० पाउंड. दुसऱ्याचा दर १५० पाउंड, पण करार ३९ आठवड्यांचा: ५,८५० पाउंड. स्वस्त दिसणारी खोली हजारभर पाउंडांनी महाग निघाली. पण थांबा. पहिल्या कॉलेजात सत्र संपताच खोली रिकामी करावी लागते. कपडे, पुस्तकं, भांडी खोक्यांत भरून कोठीत ठेवायची, कोठीत जागा मिळाली तर. डिसेंबरात मुंबईची तिकिटं वर्षात सगळ्यांत महाग. घरी जायचं नसेल तर सुट्टीत राहण्याची परवानगी वेगळी मागायची, भाडं वेगळं भरायचं, आणि कदाचित दुसऱ्याच खोलीत हलायचं. नाताळच्या सुमारास काही कॉलेजं पूर्ण बंदही असतात. दुसऱ्या कॉलेजात सामान जागेवरच राहतं. दोन्ही सुट्ट्यांत घरी जाणार असाल तर पहिलं, इंग्लंडातच राहणार असाल तर दुसरं. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या पानावर सगळ्यांत आधी शोधायची गोष्ट ही: करार किती आठवड्यांचा, सुट्टीत राहू देतात का, सामान ठेवू देतात का.

त्यानंतरचा प्रश्न: तिन्ही वर्षं खोली मिळते का? केंब्रिजमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला बहुतेक कॉलेजं पूर्ण काळ जागा देतात. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्षी मिळतेच, पण काही कॉलेजांत एक वर्ष, बहुधा दुसरं, शहरात भाड्याच्या घरात काढावं लागतं. तिथला घरमालक बहुधा इंग्लंडात राहणारा जामीनदार मागतो. इथेच आपली मुलं अडकतात. काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतः जामीन राहतात, काही राहत नाहीत. हे आधी ईमेलने विचारून घ्यावं.

पहिल्या वर्षानंतर खोल्या बहुधा चिठ्ठ्या टाकून वाटतात, त्याला बॅलट म्हणतात. काही ठिकाणी परीक्षेत वरचा वर्ग मिळवणाऱ्यांना आधी निवड मिळते. संडास-बाथरूम जोडून असलेली खोली नव्या इमारतींत जास्त, जुन्या चौकांत कमी. शतकांपूर्वीचा दगडी जिना फोटोत छान दिसतो, पण गुडघ्याचा त्रास किंवा व्हीलचेअर असेल तर त्याच फोटोकडे वेगळ्या नजरेने बघा.

फोडणी आणि फायर अलार्म

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे चेष्टेत निघतो, पण वर्षभराच्या खर्चावर आणि मनावर त्याचा परिणाम भाड्याइतकाच होतो. जेवणाच्या हॉलमध्ये शाकाहारी पदार्थ रोज असतात. तो पदार्थ रोज खाववेल की नाही, हा भाग वेगळा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आधी लिहून विचारावं. ‘फॉर्मल हॉल’ म्हणजे झगे घालून बसायचं जेवण, त्याची नोंदणी आधी करावी लागते आणि आहाराची सूचना तेव्हाच द्यायची असते.

पैशांची पद्धत तीन प्रकारची. काही ठिकाणी जेवाल तेवढं भरा. काही ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम सक्तीने भरायची, ती जेवून संपवायची. आणि केंब्रिजच्या पुष्कळ कॉलेजांत ‘किचन फिक्स्ड चार्ज’ नावाची आकारणी असते: स्वयंपाकघर चालवण्याचा खर्च म्हणून दर सत्राला ठरलेले पाउंड, तुम्ही एकदाही हॉलमध्ये जेवला नाहीत तरी. स्वतः रांधून खाणाऱ्या मुलाला हा आकार निव्वळ भुर्दंड. भाड्याशेजारी हा आकडाही मांडा.

आता स्वतः रांधायचं म्हणजे कुठे? केंब्रिजमध्ये मजल्यावरच्या छोट्या स्वयंपाकखोलीला ‘जिप रूम’ म्हणतात. तिच्यात फ्रिज, किटली आणि मायक्रोवेव्ह असतो. शेगडी असेलच असं नाही, ओव्हन तर त्याहून कमी ठिकाणी. जुन्या इमारतींत आगीच्या धोक्यामुळे शेगडी ठेवतच नाहीत. ‘किचन आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. शेगडी किती, किती जणांत, आणि इंडक्शनची आहे का ते विचारा. इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापतच नाही, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक राइस कुकर खोलीत ठेवायला बहुतेक कॉलेजं मनाई करतात. आणि मोहरी-मिरचीची फोडणी दार उघडं ठेवून दिली की धूर बाहेरच्या सेन्सरपर्यंत पोचतो, सगळी इमारत पायजम्यावर अंगणात उभी राहते. खिडकी उघडी, दार बंद, आणि तेल धुरावायच्या आधी मोहरी. काही कॉलेजांत निष्काळजीपणाने अलार्म वाजवला तर दंडही होतो.

फी आणि शिष्यवृत्ती

ऑक्सफर्डमध्ये अभ्यासक्रमाची फी एकच, कॉलेज कुठलंही असो. केंब्रिजमध्ये पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या फीखेरीज ‘कॉलेज फी’ वेगळी पडते. ती वर्षाला दहा हजार पाउंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते आणि कॉलेजनुसार बदलते. तीन वर्षांच्या बेरजेत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तक्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो.

ट्रिनिटी किंवा सेंट जॉन्ससारख्या श्रीमंत कॉलेजांकडे मदतनिधी, प्रवासखर्च, पुस्तकांचे पैसे जास्त असतात हे खरं. पण ब्रिटिश विद्यार्थ्यांसाठीची मदत परदेशी विद्यार्थ्याला लागू होतेच असं नाही. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द शोधून नियम वाचा, मगच त्या श्रीमंतीला भाव द्या.

निकालांच्या क्रमवाऱ्या

ऑक्सफर्डच्या कॉलेजांची नॉरिंग्टन आणि केंब्रिजची टॉम्पकिन्स अशा क्रमवाऱ्या प्रसिद्ध आहेत. नॉरिंग्टनचं गणित सोपं आहे: अंतिम परीक्षेत पहिल्या वर्गाला ५ गुण, दुसऱ्या वर्गाच्या वरच्या श्रेणीला ३, खालच्या श्रेणीला २, तिसऱ्याला १, बेरजेला शक्य तेवढ्या कमाल गुणांनी भागायचं. १०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजात कमाल गुण ५००. त्यातल्या पाच जणांना ३ ऐवजी ५ मिळाले तर दहा गुण वाढले, म्हणजे २ टक्के. मधल्या कॉलेजांमधली अंतरं इतकी थोडी असतात की तेवढ्यावर क्रमांक सपकन वर-खाली होतो. पाच मुलांची परीक्षा कशी गेली, यावर तुम्ही तीन वर्षांचं घर निवडणार का? शिवाय कोणत्या कॉलेजात कोणत्या विषयाची मुलं जास्त, यावरही बेरीज हलते.

अंतर बघा, नकाशा उघडून

केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राचे विभाग शहराच्या पश्चिमेला, गणिताचं केंद्र विल्बरफोर्स रोडवर. चर्चिल कॉलेज या सगळ्यांना जवळ, आणि त्याच्या नियमांतच साधारण ७० टक्के विद्यार्थी विज्ञान-तंत्रज्ञानाचे असावेत अशी तरतूद आहे. साहित्य, इतिहास, कायदा यांची इमारतवस्ती सिजविकला. न्यूनहॅम आणि सेल्विन तिला लागून. होमर्टन रेल्वे स्टेशनच्या बाजूला, ॲडनब्रुक्स रुग्णालयाकडे जाणाऱ्यांना सोयीचं. ऑक्सफर्डमध्ये विज्ञानविभाग साउथ पार्क्स रोडच्या परिसरात, कीबल त्याच्या दारातच. नऊच्या प्रॅक्टिकलला आठ-पन्नासला उठणाऱ्यांनी नकाशा जरूर बघावा. बाकीच्यांसाठी पंधरा मिनिटांची सायकल काही मोठी गोष्ट नाही.

पदव्युत्तर असेल तर

हा मामला वेगळा आहे. इथे प्रवेश विभाग देतो, कॉलेज नंतर येतं. ऑक्सफर्डच्या अर्जात एक कॉलेज लिहायचं किंवा ‘पसंती नाही’ म्हणायचं. विभागाने घेतलं तर कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा मिळण्याची हमी असते. केंब्रिजमध्ये दोन पसंती देता येतात. कॉलेज पक्कं झाल्याशिवाय ऑफर पूर्ण होत नाही आणि व्हिसासाठी लागणारं सीएएस पत्रही त्यानंतरच, म्हणून विभागाची ऑफर आल्यावर कॉलेजचं पत्र काही आठवडे रेंगाळलं तर घाबरू नका, पण मेलचा स्पॅमचा कप्पा बघत राहा. काही शिष्यवृत्त्या ठरावीक कॉलेजला बांधलेल्या असतात. ती मिळाली तर तुमचं कॉलेज बदलू शकतं आणि ते आनंदाने बदलू द्यावं.

एका वर्षाच्या मास्टर्सला कॉलेजची खोली मिळेलच असं नाही. पसंती लिहिण्याआधी कॉलेज पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला खोलीची हमी देतं का हे तपासा, आणि ऑफर स्वीकारल्या दिवशीच खोलीचा अर्ज भरा. कित्येक ठिकाणी जो आधी येईल त्याला आधी. जोडीदार किंवा मूल बरोबर नेणाऱ्यांनी कुटुंबासाठीची घरं असलेली कॉलेजं शोधावी. ऑक्सफर्डच्या वुल्फसनमध्ये तर पाळणाघरही आहे. मात्र १ जानेवारी २०२४ पासून ही मुभा व्हिसाच्या नियमांनुसार मुख्यतः संशोधनाच्या पदव्यांपुरती राहिली आहे. वर्गात शिकायच्या मास्टर्सला सहसा कुटुंब नेता येत नाही.

तारखा

पदवीचा अर्ज यूकासमधून, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातो, अंतिम मुदत १५ ऑक्टोबर, इंग्लंडच्या संध्याकाळी सहापर्यंत. तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकालाच अर्ज करता येतो. पुष्कळ विषयांना प्रवेशपरीक्षा असते आणि तिची नोंदणी वेगळी, बहुधा सप्टेंबरमध्येच बंद होणारी. कॉलेज कोणतं या चर्चेत ऑगस्ट-सप्टेंबर घालवून ही नोंदणी राहून गेलेली मुलं दरवर्षी सापडतात. त्यांच्या अर्जाचं पुढे काही होत नाही.

म्हणून क्रम उलटा लावा. जुलैत परीक्षेची तारीख आणि केंद्र बघून ठेवा. ऑगस्टच्या एका शनिवारी चाळणी लावून सहा-सात कॉलेजं उरवा. त्यांचं वर्षाचं भाडं, कराराचे आठवडे, किचन फिक्स्ड चार्ज, कॉलेज फी आणि सुट्टीतला नियम एका तक्त्यात भरा. विद्यार्थ्यांनीच लिहिलेली पर्यायी माहितीपत्रकं असतात, ती वाचा. कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत न सापडणारी थंड खोली तिथे सापडते. तक्त्यात जे कॉलेज बसेल ते लिहा. कोणताच फरक मोठा वाटला नाही तर ओपन अर्ज करा आणि उरलेला वेळ गणितं सोडवण्यात घाला. कॉलेज ठरवून देतो म्हणून वेगळे पैसे घेणाऱ्या सल्लागाराला या तक्त्यापेक्षा जास्त काही माहीत नसतं.

जानेवारीत ऑफर न लिहिलेल्या कॉलेजकडून आली, तर ती घ्यायची किंवा सोडायची एवढेच दोन पर्याय असतात, अदलाबदल होत नाही. घ्यायची ठरली की त्या कॉलेजचं भाड्याचं पान उघडा आणि तक्त्यात एक ओळ वाढवा.